मापारणीची सून

उन्हाळा चढत गेला तशी विहीर उतरत गेली, आणि घरातल्या पाण्याचा कारभार मापारणीने हातात घेतला. घेतला म्हणायचं आपलं. तो आधीपासून तिच्याच हातात होता. त्या घरात कुठली गोष्ट तिच्या हाताबाहेर आहे, हे म्हातारा चाळीस वर्षं शोधत होता. अजून त्याला सापडली नव्हती.

मापारीण हे काही तिचं नाव नव्हे. सगळं मापायची म्हणून गावाने ठेवलेलं. दूध मापायची, पेंड मापायची, गाठी मारलेली दोरी सोडून विहीर मापायची. गाभण शेळीच्या पोटाभोवती सुतळी फिरवून ती कोणत्या दिवशी विणार ते सांगायची, आणि शेळीची काय बिशाद की दुसऱ्या दिवशी विईल! कुणाची शेळी अडली की पहिली हाक हिलाच. हात लहानसा, बोटं लांब. आडवं आलेलं करडू आतल्या आत वळवून, बटव्यातून सुपारी काढावी तसं बाहेर काढायची. तीस वर्षांत तिच्या हाताखाली एकच शेळी गेली होती, आणि तीही मालकाने उशिरा बोलावलं म्हणून, हे ती न विचारता सांगायची.

घरात एक्केचाळीस शेळ्या आणि चार माणसं. मुलगा शेळ्या चारायला न्यायचा आणि सकाळी दूध टेम्पोवर घालायचा. म्हातारा दोऱ्या वळायचा आणि बोलायचा. त्याच्या बोलण्याचं माप मात्र मापारणीला कधी काढता आलं नाही. आणि चौथी सून. ती सातव्या महिन्यात होती.

सोयरीक ठरली तेव्हा सुनेच्या बापाने सगळं उघड सांगून टाकलं होतं. "पोरीच्या रक्तात जन्मापासून खोट आहे. सिकलसेल म्हणतात. ऊन, थंडी, दगदग, काही सोसत नाही. हाडं दुखायला लागली की चार-चार दिवस उठत नाही. मागाहून बोल नको म्हणून सांगतोय."

मापारीण म्हणाली होती, "बघू की. लंगडी शेळीसुद्धा कळपात चालतेच."

ती बोलली ते भल्यासाठीच. पण पोरगी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्या दिवशी तिने मनाशी काय ठरवलं कुणास ठाऊक. लग्नाला तीन वर्षं झाली, पण या घरात कुणी तिच्या तोंडून 'दुखतंय' हा शब्द ऐकला नव्हता. डोळे पिवळे दिसायचे, चालताना भिंत धरायची. विचारलं तर, "झोप नाही झाली, आत्याबाई." सासूला ती आत्याबाई म्हणायची. दोनदा नवऱ्याने उचलून टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, तेव्हाही टेम्पोवाल्याला सांगत होती, "बरंय आता, उगाच तुमची खेप."

दिवस राहिल्यावर मापारीण स्वतः तिच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी कागदावर गोल काढले, मग विळे काढले.

"आपल्या रक्तातल्या पेशी अशा गोल असतात. हिच्या मात्र पाणी कमी पडलं, दम लागला, ताप आला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळीत अडकून बसतात. पुढे रक्त जात नाही. ते दुखणं."

मापारणीने कागद फिरवून पाहिला. "म्हणजे शिंगांच्या शेळ्या अरुंद फाटकातून एकदम घातल्यासारखं. शिंगात शिंग अडकतं आणि मागचा कळप उभा राहतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आता मी सगळ्यांना हेच सांगणार." मग गंभीर झाल्या. मुलाचं रक्त लग्नाआधी तपासलेलं आहे, ते चोख आहे, म्हणून बाळाला हा आजार होणार नाही. जपायचं ते आईला. दिवसाला बारा पेले पाणी, उन्हात काम नाही, वजन उचलायचं नाही, या गोळ्या रोज, दर पंधरा दिवसांनी इथे. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली की वाट बघायची नाही. "अशा बायकांची बाळंतपणं नीट होतात. पण लक्ष ठेवलं तरच."

"बारा पेले," मापारीण म्हणाली. तिला आकडा दिला की ती खूश असायची.

सातवा सरेपर्यंत तिने तो आकडा सांभाळला. रांजणावर बारा चिंचोके ठेवलेले. सून पाणी प्यायली की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. म्हातारा म्हणायचा, "माझ्या वेळेला मला कुणी चिंचोके मोजून काही पाजलं नाही."

"तुम्हाला कधी दिवस गेले होते?"

"माझे सगळे दिवस तुझ्यापायीच गेले."

आठवा लागला तशी मापारणीने सुनेच्या पोटाभोवती सुतळी फिरवली. फिरवली, गाठ मारली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पोट मोठं होतं, कंबर हातभर. अशी पाट, म्हणजे तरणी शेळी, पहिल्या वेताला हमखास अडते, हे तिच्या हातांना माहीत होतं. करडू आत दांडगं झालं की पुढचं सगळं कठीण. त्यावर या धंद्यातल्या लोकांचा एक जुना उपाय होता: शेवटच्या महिन्यात शेळीचा खुराक आवरायचा, पाणी आवरायचं. करडू बेताचं राहतं आणि सुळकन बाहेर येतं. मापारणीची आई तेच करायची, तिची आजी तेच करायची.

"आता आवरतं घ्यायचं," ती सुनेला म्हणाली. "शेवटी शेवटी अंग हलकं पाहिजे."

"डॉक्टरीणबाईंनी बारा सांगितलेत, आत्याबाई."

"ते पोट लहान होतं तेव्हा. त्यांनी पुस्तकं वाचलीत, मी हात घातलेत. तू अडलीस तर कोण निस्तरणार?"

खरं तर मापारणीला भीती वाटत होती. पण भीती वाटते असं म्हणायची त्या घरात रीत नव्हती. सुनेने ती सासूकडूनच उचलली होती म्हणा ना. शिवाय विहिरीत दोरीच्या तीनच गाठी भिजत होत्या आणि शेळ्या दुपारी रिकाम्या हौदाला जिभा लावत होत्या. असा योग असला की चुकीची गोष्टसुद्धा शहाणपणाची वाटायला लागते. रांजणावर पाच चिंचोके उरले. ताटातलं वाढणंही निम्म्यावर आलं.

सून पाच पेले प्यायची आणि सहाव्याची वाट बघत नसल्यासारखं दाखवायची. करडांना बाटलीने दूध पाजायची, पाला बांधून टांगायची, गोठा झाडायची. ओठ फुटले तर त्यावर तूप लावायची. दोन घरं सोडून राहणारी शिंपीण एकदा म्हणाली, "काय गं, डोळ्यांना हळद लावलीस का?" तर ही हसली. नवऱ्याने विचारलं, "पाणी पितेस ना?" तर म्हणाली, "आत्याबाई बघतात की."

आणि आत्याबाई बघत होत्या ते सुतळीकडे.

पाणी आवरल्याच्या नवव्या दिवशी दुपारी शिंपिणीची शेळी अडली. मापारीण गेली, तासभर खपली, जुळी काढली. दोन्ही जिवंत, एक तर बाहेर येताच शिंकलं. शिंपीण पाया पडायला लागली तशी मापारीण म्हणाली, "राहू दे गं, त्यात काय," म्हणजे आणखी जरा पड. कोपरापर्यंत हात धुतले आणि ती ऐटीत घरी आली.

म्हातारा ओसरीवर घोरत होता. सून कुठे दिसेना. गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे सावली होती, तिथे ती भिंतीला टेकून बसली होती. पाय पसरलेले, एक हात हौदाच्या कडेवर. ती कड तिने इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. दुसऱ्या हातात पाल्याची जुडी तशीच. दोन करडं तिचा पदर चघळत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. जरा बसले."

आवाज कोरडा, पानावर पान घासल्यासारखा. मापारणीने तिचा हात हातात घेतला आणि विचार न करता, रोजच्या सवयीने, मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली. शेळी आजारी वाटली की ती हेच करायची. चांगल्या जनावराची कातडी लगेच जागेवर बसते. पाणी तुटलेल्याची तशीच उभी राहते.

कातडी उभी राहिली.

मापारणीने पुन्हा चिमटी घेतली. पुन्हा तशीच. एक, दोन, तीन, चार मोजेपर्यंत ती वळी हातावर उभी होती, तंबूसारखी.

"अगं, तू तर पार सुकलीस," ती म्हणाली. शेळी असती तर पहिल्या दिवशी ओळखलं असतं. ही घरातली म्हणून नऊ दिवस लागले. "दुखतंय कुठे?"

सुनेने मान हलवली. नाही म्हणायला हलवली, पण मध्येच तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच पाणी अंगात उरलं असावं.

"अहो!" मापारणीने अशी हाक मारली की म्हातारा झोपेतच उभा राहिला. "टेम्पोवाल्याला आणा. दूध असेल तर ओतून देऊ दे, पण आणा!"

म्हातारा धावला. गुडघे धरल्यापासून तो धावला नव्हता. दारापाशी एवढंच म्हणाला, "पोराला कोण सांगणार?" आणि उत्तराची वाट न बघता पळाला. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत आखूड भाषण.

टेम्पोत सुनेचं डोकं मापारणीच्या मांडीवर होतं. घोट घोट पाणी पाजत ती मोजत होती. सातव्या घोटाला आकडा चुकला आणि तिने मोजणं सोडून दिलं.

दवाखान्यात सलाईन लागलं, नाकाला नळी लागली, दुखण्याचं इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, मग विचारलं, "पाणी किती पीत होती?"

सून पडल्या पडल्या म्हणाली, "माझंच चुकलं. विसरायची मी."

खोलीत मापारीण आणि धावत आलेला मुलगा. बाहेर बाकावर म्हातारा. मापारणीला गप्प बसता आलं असतं. सुनेने दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"ती नाही विसरली," मापारीण म्हणाली. "मी मापून दिलं. पाच पेले. बाळ मोठं होऊन अडेल म्हणून. शेळ्यांचं आम्ही असंच करतो."

मुलाने आईकडे पाहिलं. ती नजर मापारणीला बोलण्यापेक्षा जास्त लागली.

डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा बाळाचं डोकं. हे पोट. मोठं नाही, आजी. असायला हवं त्यापेक्षा लहान आहे. हिच्या आजारात वारेतून रक्त कमी जातं, म्हणून बाळं मुळातच लहान राहतात. पोट दिसतं मोठं, कारण पोरगी काडी आहे."

मापारणीने तीस वर्षं ज्या सुतळीवर विश्वास ठेवला होता, ती आत्ता तिच्या कनवटीला होती. तिने हात तिकडे नेला नाही.

"वाचतील ना?" तिने विचारलं.

"दोन्ही वाचतील असंच बघायचंय. उद्या एक बाटली रक्त देऊ. आणि यापुढे तुम्ही काय करायचं ते मी लिहून देते."

"लिहू नका. सांगा. लिहिलेलं ऐकायला मला दुसऱ्याचं तोंड लागतं."

पाचव्या दिवशी सून घरी आली, तोवर मापारणीने एक काम उरकलं होतं. नदीकाठी तिचा भाऊ राहत होता. त्याच्याकडे एकोणीस शेळ्या पाठवून दिल्या, पाऊस होईपर्यंत. त्यात तिची दुधाला पहिल्या नंबरची कबरी शेळीसुद्धा होती. भाऊ म्हणाला, "कबरी देतेस? बरी आहेस ना?" ती म्हणाली, "पाण्याला तोंडं जास्त झाली. शेळीला दुसरा हौद आहे, पोरीला नाही."

आता सून ओसरीच्या गार कोपऱ्यात बसायची आणि तिच्याशेजारी भरलेला हंडा असायचा. चिंचोके मापारणीने चुलीत टाकले होते. तहान लागो न लागो, दिवसभर प्यायचं. प्रश्न एकच होता: दुखतंय का विचारलं की पोरगी अजूनही म्हणायची, "बरंय."

"बरंय म्हणजे किती?" मापारीण वैतागून म्हणाली. "मला मापात सांग. बरंय हे काय माप आहे?"

म्हातारा दोरी वळता वळता म्हणाला, "शेळ्यांत सांग म्हणावं. अंगावर किती बसल्यात."

सुनेला हसू आलं. मग खाली बघून म्हणाली, "एक. डाव्या गुडघ्यावर."

"करडू की मोठी?"

"पाट."

मापारणीने कापडाची गरम पुरचुंडी आणून गुडघ्यावर ठेवली. तेव्हापासून ते सुरू झालं. सकाळी मुलगा शेळ्या सोडायच्या आधी विचारायचा, "आज किती?" कधी शून्य, कधी दोन, एकदा "साडेतीन, अर्धी पळतेय." पाच झाल्या की गोळी, सातला टेम्पो, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर ठरवून दिलं. त्यांनाही ते माप पसंत पडलं. एकदा सकाळी सून म्हणाली, "सात. आणि एक बोकड, छातीवर." त्यावर कुणी हसलं नाही. दहा मिनिटांत ती टेम्पोत होती. छातीतल्या नळ्यांत पेशी अडकायला सुरुवात झाली होती; वेळेवर आली म्हणून चार दिवसांत आवरलं. एक दिवस 'बरंय'मध्ये गेला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनी मापारणीला बाजूला घेऊन सांगितलं. मापारणीने ते घरी कुणाला सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून ती सुनेला दिवसातून दोनदा विचारायची ते चारदा विचारायला लागली.

दोन आठवडे आधीची तारीख ठरवून, कळा औषधाने आणायच्या, असं ठरलं. सकाळी आठला सून आत गेली. डॉक्टरीणबाईंनी मापारणीला उशाशी उभं राहू दिलं, या अटीवर की हात मागे बांधून उभं राहायचं.

हात मागे बांधता आले. तोंडाचं काय?

"श्वास पोटात घे. असा नाही, खाली. आता सोड. मान टाकू नकोस. अगं, पाय असा... सिस्टर, जरा कुशीवर वळवा की, आमच्याकडे कुशीवर पटकन येतं..."

"आजी," सिस्टर म्हणाली.

"बरं, बरं. पण बघ पोरी, आता जी कळ येईल ना, तिला सोडायची नाही, तिच्यावर..."

"आत्याबाई, गप्प बसा!"

सगळी खोली थांबली. सुनेचा चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, दात आवळलेले. "गप्प बसा एकदम! मरणाचं दुखतंय मला! कमरेत दुखतंय, मांडीत दुखतंय, सगळीकडे दुखतंय! तुम्हाला काय सांगायला जातंय!"

आणि मग तिने अशी आरोळी ठोकली की बाहेर बाकावर म्हाताऱ्याने मुलाचा हात धरला. मुलगा पांढराफटक पडला. म्हातारा त्याला म्हणाला, "घाबरू नकोस. तीन वर्षांचं एकदम निघतंय."

आत मापारीण गप्प होती. जन्मात पहिल्यांदाच गप्प होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिने नुसता सुनेचा तळवा हातात घेतला. पोरीने तो असा दाबला की बोटाचं हाड मोडतंय की काय असं वाटलं. दाब, मापारीण मनात म्हणाली. दाब अजून.

साडेअकराला मुलगी झाली. सव्वादोन किलो, ओल्या मांजरासारखी, पण आवाज आईच्याच वरच्या पट्टीतला.

पुढचे तीन दिवस आईला धोक्याचे, असं सांगून ठेवलेलं. मापारीण पलंगाशेजारच्या खुर्चीतून उठली नाही. पायांवर पांघरूण, नाकाला नळी, दर चार तासांनी रक्तदाब. कातडीला चिमटा मात्र ती स्वतःच घ्यायची, सिस्टरची पाठ वळली की. कातडी चटकन जागेवर बसायची. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. चौथ्या दिवशी पोरगी उठून बसली आणि बाळाला नीट छातीला लावलं. बाळ चोखायला लागलं तेव्हा मापारीण खुर्चीतून वाकून ते गळ्याखालचं घुटघुट हलणं बघत राहिली.

सुट्टी द्यायला डॉक्टरीणबाई आल्या. दर महिन्याला दाखवायचं, पुढच्या बाळाची घाई नको, वगैरे सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आणि एक. आईकडचा अर्धा वाटा हिच्यात आहेच. तिला त्याचा त्रास नाही, मोठी होईल, खेळेल. पण लग्नाच्या वेळी मुलाचं रक्त तपासून घ्यायचं. त्याच्यातही अर्धा वाटा निघाला, तर पुढच्या पिढीत पुन्हा आजार येऊ शकतो."

समोरच्या पलंगावरची आजी कान देऊन ऐकत होती. तिला परवाच नातू झाला होता, चांगला साडेतीन किलोचा, आणि ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवत होती. ती म्हणाली, "आमचा आहे की तयार. रंग बघा, अंग बघा. शोभतील दोघं."

मापारीण उठली. पदर खोचला. समोरच्या पलंगापाशी जाऊन नवरदेवाला वरून खाली न्याहाळलं, पाय उचलून पाहिले, तोंडात बोट घालून हिरड्या पाहिल्या. आजीबाई बघतच राहिली.

"अंग बरं आहे," मापारीण म्हणाली. "पाय भक्कम आहेत. पण आमची पद्धत अशी, की आधी रक्ताचा कागद, मग बैठक. आणि दूध किती पितो ते मी स्वतः आठ दिवस बघणार."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसली, डॉक्टरीणबाई हसल्या, आणि पलंगावर सून इतकी हसली की तिला बाळ सांभाळेना. एका हाताने तिने बाळ धरलं, दुसऱ्याने पोट.

"आत्याबाई, पुरे! हसवू नका हो," ती म्हणाली. "टाके दुखतायत माझे. खूप दुखतायत."

"दुखणारच," मापारीण म्हणाली, आणि उशी घेऊन तिच्या पाठीशी लावायला गेली.